पहिलं एअर पिस्तूल: साठ-सत्तर हजारांत काय घ्यावं?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलंय. मुलगी चौदा वर्षांची आहे, चष्मा लावते. उन्हाळी शिबिरात तिने दहा मीटर एअर पिस्तूल हातात घेतलं आणि आता तिला तेच करायचंय. बजेट साठ-सत्तर हजार. समोर तीन पर्याय आहेत. दुकानातलं नवं, बॅरल म्हणजे नळी मधून दुमडून भरायचं स्प्रिंगचं पिस्तूल, पंधरा हजारांच्या आत. दुसरं सीओटूच्या बल्बवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं, दिसायला हुबेहूब पोलिसांच्या कमरेला असतं तसं. आणि तिसरं, रेंजवरच्या एका मुलाचं वापरलेलं स्टायर एलपी-२, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारं मॅचचं (स्पर्धेचं) पिस्तूल, ज्याचे तो साठ हजार मागतोय. शिवाय ओळखीतल्या कुणीतरी सुचवलंय की परवाना काढून सरळ .२२, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल घ्या, म्हणजे पुन्हा खर्च नको.

तर दादा, तिन्हींपैकी घ्यायचं असेल तर ते जुनं स्टायर घ्या. मात्र नीट तपासून घ्या, आणि आजच घेऊ नका. आधी तीन महिने तिला क्लबच्या पिस्तुलावर शूट करू द्या. रेंजवर क्लबची दोन-चार पिस्तुलं असतातच. त्या काळात तिची आवड टिकते का ते तर कळेलच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिचा हात केवढा आहे, मनगट किती वेळ धरतं, कुठली ग्रिप (मूठ) बसते, हे तिचं तिला कळेल. पिस्तूल घेताना पैसे हाताच्या मापावर आणि ट्रिगरवर खर्च करायचे असतात, आणि ही दोन्ही मापं दुकानाच्या काउंटरवर कळत नाहीत.

.२२चा विषय लवकर संपवतो. शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागतं. त्याखालच्या मुलांना सराव आणि स्पर्धेसाठी वेगळी सोय आहे, पण ती देखरेखीखाली, रेंजवर. नेमबाज राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात, म्हणजे .२२वर. तुमच्या लेकीला पुढे तिकडे जायचं असेल तर जरूर जाऊ द्या, पण हाताची घडण एअर पिस्तुलावर होऊ द्या. त्याला छर्रे सोडले तर दारूगोळा लागत नाही, आवाज नाही, धक्का नाही, आणि घरात कोरा, म्हणजे छर्रा न घालता, सराव रोज करता येतो. कुणी कानपूरच्या कारखान्याची .३२ची 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर सुचवली तर ती स्वसंरक्षणासाठी बनवलेली, आखूड नळीची वस्तू आहे एवढं लक्षात ठेवा. टार्गेटसाठी तिचा उपयोग नाही.

एअर पिस्तुलाचं कायद्याचं गणित सोपं आहे. ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ताकद साधारण सहा ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. तरीही खरेदी तुमच्या नावाने करा, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या, पावती जपून ठेवा. जुनं घेताना मूळ बिलाची प्रत मागाच. बिल नसलेलं पिस्तूल कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता ते पोलिसी दिसणारं सीओटूचं. ते अजिबात नको. यातली बरीचशी पिस्तुलं गुळगुळीत नळीची आणि स्टीलच्या गोळ्या मारणारी असतात. स्टीलची गोळी कडक पृष्ठभागावर आपटून जोरात परत येऊ शकते. स्पर्धेत ते चालत नाही, आणि चौदा वर्षांची मुलगी तशी दिसणारी वस्तू पिशवीतून नेताना कुणी पाहिलं तर काय गोंधळ होईल याचा विचार करा. मॅचसाठी बनवलेली चांगली सीओटू पिस्तुलंही एके काळी होती, पण या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. सकाळी सात वाजता लावलेली साईट, म्हणजे नेम धरायची खूण, मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली जुळत नाही. नव्या मुलीला आपण चुकलो की पिस्तूल चुकलं हे कसं कळणार?

स्प्रिंगच्या पिस्तुलाचा मोह मला समजतो. नवं आहे, स्वस्त आहे, हवा भरायची कटकट नाही. पण ट्रिगर सुटल्यावर आत काय होतं ते बघा. स्प्रिंग पिस्टनला जोरात ढकलते, पिस्टन पुढे जाऊन हवा दाबतो, आणि त्या दाबाने छर्रा निघतो. एवढं सगळं होताना छर्रा अजून नळीतच असतो, आणि पिस्तूल मागे-पुढे हिसका खात असतं. तो हिसका काबूत ठेवायचा तर प्रत्येक शॉटला पकड अगदी तीच लागते, जी अनुभवी शूटरलाही कष्टाने जमते. त्यात अशा पिस्तुलांचा ट्रिगर मॅच ट्रिगरच्या कितीतरी पट जड. मुलगी पहिल्या दिवसापासून ट्रिगर ओढायच्या ऐवजी झटकायला शिकेल. ती सवय एकदा हातात बसली की काढायला वर्ष जातं, आणि प्रशिक्षकाचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

ट्रिगरवर मी इतका का अडून बसलोय? आकडे मांडतो. १० मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकतं. समजा तुमच्या लेकीचा हात थरथरतो आणि अख्खं पिस्तूल जसंच्या तसं एक सेंटिमीटर बाजूला सरकतं, पण पुढची साईट मागच्या खाचेत बरोबर मध्ये आहे. छर्रा टार्गेटवरही एक सेंटिमीटरच बाजूला लागेल. गुण नऊ. आता उलट बघा. हात अगदी स्थिर आहे, पण ट्रिगर सुटताना मनगट किंचित वळलं आणि पुढची साईट खाचेत एक मिलिमीटरने सरकली. दोन्ही साईटमधलं अंतर ३३ सेंटिमीटर धरलं तर दहा मीटरवर ती चूक ३० मिलिमीटर होते. गुण सात. आणि दोन्ही साईट १७ सेंटिमीटरवर असलेल्या आखूड पिस्तुलात तीच चूक जवळजवळ ६० मिलिमीटर होते. गुण तीन!

म्हणजे हात हलला म्हणून फारसं बिघडत नाही, ट्रिगर ओढताना साईट हलली की बिघडतं. सगळ्या नव्या मुलांना हे उलटं वाटत असतं. ती हात स्थिर करायच्या मागे लागतात, टार्गेटच्या काळ्या गोलाच्या मधोमध आलं की पटकन ट्रिगर दाबतात, आणि शॉट डावीकडे खाली जातो. मॅच पिस्तुलाचा ट्रिगर नियमानुसार किमान ५०० ग्रॅमचा असतो, तोही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात बरंचसं वजन बोटावर घ्यायचं, तिथे एक हलकी भिंत लागते, आणि मग साईटकडे बघत उरलेला थोडासा दाब हळूहळू वाढवायचा. हा टप्पा ज्या पिस्तुलात स्पष्ट कळतो ते पिस्तूल मुलीला शिकवतं. साठ हजार जायचे तर या भिंतीसाठी जावेत. बाकी रंग, कंपनीचं नाव, नळीवरची भोकं, याला या टप्प्यावर किंमत नाही.

दुसरी गोष्ट ग्रिप. एलपी-२ची लाकडी ग्रिप मापात येते, आणि उजव्या हाताची वेगळी, डाव्या हाताची वेगळी. विकणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल तर त्याची ग्रिप मध्यम किंवा मोठी असणार, तुमच्या मुलीला बहुधा सैल होणार. तपासायची पद्धत अशी: पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून ग्रिप हातात नीट बसवायची, डोळे मिटायचे, हात खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, एक-दोन श्वास थांबायचं आणि डोळे उघडायचे. पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मध्ये आलेली दिसली पाहिजे. ती दर वेळी उजवीकडे दिसत असेल, किंवा मनगट वाकवून तिला जागेवर आणावं लागत असेल, तर ग्रिप बसत नाही. पहिलं बोटही बघा. ट्रिगरवर टेकलेलं बोट ग्रिपच्या लाकडाला घासता कामा नये, मध्ये थोडी फट दिसली पाहिजे.

ग्रिप बसली नाही म्हणून सौदा सोडू नका. लहान मापाची वेगळी ग्रिप मिळते, किंवा आहे तीच घडवता येते. रेंजवर आम्ही हेच करतो. जिथे पोकळ आहे तिथे लाकडात भरायची लांबी (पुटी) लावायची, ओली असतानाच मुलीने हातात पातळ पिशवी घालून पकड घ्यायची, वाळू द्यायची, मग कानशीने आणि पॉलिश पेपरने थोडं-थोडं उतरवायचं. एका दिवसात उरकू नका. थोडं घासा, आठवडाभर शूट करा, मग पुन्हा घासा. तळहाताखालची फळी इतकीच वर घ्या की हात टेकेल, आवळला जाणार नाही. ती मनगटाला आधार देणारी झाली तर स्पर्धेतल्या तपासणीत पिस्तूल अडकतं.

वजनाचंही बघा. नियमात कमाल दीड किलो आहे, पण मॅच पिस्तूल साधारण नऊशे ग्रॅम ते किलोभर असतं. लांब केलेल्या एका हाताच्या टोकाला ते चौदा वर्षांच्या मुलीला तासभर पेलायचंय. स्पर्धेत ६० शॉट ७५ मिनिटांत, म्हणजे ६०हून जास्त वेळा तो हात वर जातो. पिस्तुलाला जोडलेली जादा वजनं असतील तर सगळी काढून टाका. खांदा मजबूत झाला की परत लावता येतात.

आता त्या जुन्या पिस्तुलाची तपासणी. हिच्यासाठी सलग दोन दिवस द्या.

पहिल्या दिवशी सिलिंडर २०० बारपर्यंत भरून घ्या, काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि रात्रभर पिस्तूल तसंच राहू द्या. सकाळी काटा जागेवर हवा. थोडासा खाली आला असेल तर बहुधा एखादी ओ-रिंग (रबरी कडी) गेलेली असते, ती काही शे रुपयांची गोष्ट आहे. धडाधड खाली येत असेल तर व्हॉल्व्हचं काम निघेल. मग सिलिंडरवर कोरलेली तारीख शोधा. कंपनी सिलिंडरला मुदत देते, जास्तीत जास्त दहा वर्षं. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही वापरू नये, कारण २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या शंभरपट दाब. नवा सिलिंडर चांगलाच महाग पडतो. विकणारे मुद्दाम लपवतात असं नाही, बऱ्याच मुलांना ही तारीख असते हेच माहीत नसतं. तारीख संपत आली असेल तर साठ हजारांतून नव्या सिलिंडरची किंमत वजा करून बोला. आणि हवा भरायचा अडॅप्टर पिस्तुलाबरोबर आहे ना ते बघा. तो राहून गेला की लोक महिनाभर शोधत बसतात.

ट्रिगर तपासायला अर्धा किलोचं वजन लागतं. रेंजवर असतंच. पिस्तुलाची नळी सरळ वर धरायची, वजन ट्रिगरला अडकवून सावकाश जमिनीवरून उचलायचं. ट्रिगर सुटला नाही म्हणजे नियमात आहे. नंतर पिस्तूल टेकूवर पक्कं ठेवून दहा मीटरवरून एकाच कार्डावर दहा छर्रे मारा. चांगल्या मॅच पिस्तुलाचं एकच भोक पडतं, छऱ्यापेक्षा जरासं मोठं. विस्कळीत पडले तर लगेच नळीला दोष देऊ नका, दुसऱ्या कंपनीचे छर्रे घालून परत बघा. नळ्यांना विशिष्ट छर्रे मानवतात, हे खरं आहे.

शेवटी साईटचे स्क्रू फिरवून बघा. प्रत्येक क्लिक बोटाला कळला पाहिजे, आणि चार क्लिक उजवीकडे जाऊन चार परत आल्यावर शॉट मूळ जागी पडले पाहिजेत. हे सगळं ठीक निघालं तर एलपी-२ तुम्हाला ज्युनियर गट संपेपर्यंत पुरेल. त्यात महागड्या मॉडेलसारखा स्टॅबिलायझर, म्हणजे शॉटचा बारीकसा हिसका शोषणारा भाग नसतो, पण पहिल्या काही वर्षांत त्याने काही अडत नाही.

हा सौदा फिसकटला तरी घाई नको. दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की एप्रिल ते जून या काळात शूटिंग सोडणाऱ्या मुलांची पिस्तुलं विकायला येतात. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीच्या रेंजवर, तुमच्या जवळ कोल्हापुरात दुधाळीला प्रशिक्षकांना सांगून ठेवा. स्टायर एलपी-१०, वाल्थर एलपी ३००, जुनं फाइनवेर्कबाउ, मेकॅनिकल ट्रिगरचं मोरिनी, यांपैकी काहीही चांगल्या अवस्थेत मिळालं तर घेण्यासारखं आहे. नवंच घ्यायचं मनात असेल तर हॅमरली एपी-२० हलकं आहे, पण आपल्याकडे ते लाखाच्या आसपास जातं, म्हणजे बजेट वाढवावं लागेल. गामो कॉम्पॅक्टमध्ये दर शॉटला एकदाच लिव्हर ओढून हवा दाबायची असते. सिलिंडर नाही, धक्का नाही, नळी इमानदार. रेंज लांब असेल आणि हवा भरायची सोयच नसेल तर मी ते सुचवतो. पण साठ वेळा लिव्हर ओढून मुलीचा हात थकतो, त्याचा परिणाम शेवटच्या वीस शॉटमध्ये दिसतो.

पॅरिस २०२४ नंतर रेंजवर येणारे बरेच पालक 'मनू भाकरचं पिस्तूल' मागतात. ते इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं मोरिनी, नवं साधारण दोन लाखांच्या घरात. उत्तमच पिस्तूल आहे. पण याच मनूचं पिस्तूल टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत ऐन वेळी बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ती ५७५ गुणांवर बारावी राहिली. तिच्यामागे तेव्हा अख्खा संघ होता. सांगलीत तुमच्यामागे कोण आहे, याचा विचार करून पिस्तूल निवडा. जे तुमच्या रेंजवर आणखी दोघा-तिघांकडे आहे, ज्याची ओ-रिंग कुणाच्या तरी पेटीत पडलेली असते, ते पिस्तूल नव्या शूटरसाठी सगळ्यात चांगलं.

आणि सगळे सत्तर हजार पिस्तुलात घालू नका. सपाट डोक्याचे छर्रे लागतात, म्हणजे कार्डाला स्वच्छ गोल भोक पडतं. पाचशेचा परदेशी मॅच छऱ्यांचा डबा हजाराच्या आसपास पडतो. आठवड्यातून चार दिवस ऐंशी शॉट धरले तर महिन्याला अडीच डबे. वर्षाचा हिशेब तीस हजारांपर्यंत जातो. पहिल्या वर्षी सरावाला साधे सपाट छर्रे वापरा, महागडे स्पर्धेला ठेवा, खर्च निम्म्यावर येईल. रेंजची फी, प्रशिक्षक आणि जिल्हा-राज्य स्पर्धांच्या प्रवेशिका वेगळ्या. मुलांची शूटिंग सुटते ती बहुतेकदा या चालू खर्चापायी, आणि तेव्हा घरात दोन लाखांचं पिस्तूल नुसतं पडून असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

फुकटचा सराव मात्र भरपूर आहे. एलपी-२मध्ये कोऱ्या फायरची सोय असते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, समोर कुठलंही टार्गेट न लावता, रोज वीस मिनिटं नुसता ट्रिगर ओढायचा आणि पुढची साईट हलते का ते बघायचं. त्या वेळी छऱ्यांचा डबा त्या खोलीत असू नये. हा नियम घरात आजच करा. पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, नळीत कायम सेफ्टीची दोरी. सहा ज्यूल कमी वाटतात, पण डोळा जायला पुरेसे आहेत. छर्रे शिशाचे असतात, म्हणून शूटिंग झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाणं नाही. सिलिंडर रेंजवरच भरून आणा, एका भरण्यात दीडशेच्या वर शॉट होतात. हवा भरायचा हातपंप घेतलाच तर पावसाळ्यात तो बंद ठेवा, दमट हवेतलं पाणी आत जाऊन साचतं. जोडांवर घरातलं साधं तेल लावू नका.

राहिला चष्मा. त्यामुळे काही अडत नाही. तिला टार्गेट नाही, पुढची साईट स्वच्छ दिसली पाहिजे. काळा गोल थोडा धूसर दिसतो तो सगळ्यांनाच. नंबर तपासायला जाल तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की हात लांब केल्यावर जिथे पिस्तुलाचं टोक येतं तिथलं स्पष्ट दिसायला हवं. शूटिंगचा खास चष्मा या वर्षी घेऊ नका, वाढत्या वयात नंबर बदलत राहतो. न वापरायचा डोळा मिटायला शिकवू नका, चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात. त्या काचेपुढे अर्धपारदर्शक प्लास्टिकची पट्टी लावा, रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पट्टी लावण्याआधी तिचा प्रमुख डोळा कुठला ते प्रशिक्षकाकडून तपासून घ्या. उजव्या हाताने शूट करणाऱ्या मुलीचा प्रमुख डोळा डावा निघाला तर कोणत्या हाताने शूट करायचं हे आधी ठरवावं लागेल, आणि ते स्टायरची उजव्या हाताची ग्रिप विकत घ्यायच्या आधी ठरलेलं बरं.